कीर्तनातील आख्यान: कथा आणि प्रमाण

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग किंवा पद घेऊन त्यातल्या सिद्धान्ताचे निरूपण करतो आणि उत्तररंगात त्या सिद्धान्ताला धरून आख्यान लावतो. मध्यंतरी नामाचा गजर होतो, कीर्तनकाराला हार घालून बुक्का लावतात, आणि तोवर पेंगुळलेली मुलेही सावरून बसतात, कारण आता गोष्ट सुरू होणार असते. आधी सिद्धान्त, मागून गोष्ट हा क्रम विचारपूर्वक ठरलेला आहे, पण त्यातूनच एक अवघड प्रश्न उभा राहतो. सिद्धान्त पूर्वरंगातच पटवून दिला असेल तर आख्यानाचे काम काय? आणि पटवून दिला नसेल, तर कोणा एका राजाच्या वा संताच्या गोष्टीने तो सिद्ध कसा होणार?

या प्रश्नाचा पहिला कसून विचार मीमांसकांनी केला. वेदात आज्ञा आहेत, तशा कथाही आहेत. तैत्तिरीय संहितेत अग्नीची एक छोटी कथा येते. असुरांशी युद्ध जुंपले तेव्हा देवांनी आपले धन अग्नीजवळ ठेवले. अग्नी ते घेऊन निघून गेला. देव जिंकून आले आणि ते धन बळाने परत घेऊ लागले, तेव्हा अग्नी रडला आणि त्याच्या आसवांची चांदी झाली. कथा संपता संपता नियम येतो: यज्ञात चांदी देऊ नये, जो देतो त्याच्या घरी वर्षाच्या आत रडारड होते. मीमांसकांच्या मते इथे प्रमाण आहे तो निषेध. कथा म्हणजे अर्थवाद, चांदीची निंदा करून त्या निषेधाकडे मन वळवणारा भाग. अग्नी खरोखर रडला का, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. कथेला स्वतःचे प्रामाण्य नाही. ज्या वाक्याशी तिची एकवाक्यता होते, त्याच्या बळावर ती उभी राहते.

हा निर्णय कठोर असला तरी वक्त्याला फार मोलाचा आहे. कथा कोणत्या वाक्याला जोडली आहे हे श्रोत्याला सांगता येत नसेल, तर ती कितीही रंगली तरी त्या सभेत तिचे काम झालेले नसते.

वेदान्त्यांनी हा विचार आपल्या अंगाने पुढे नेला. अश्वमेधात राजाला आख्याने ऐकवण्याचा पारिप्लव नावाचा विधी असे. उपनिषदांतील कथाही त्यासाठीच असतील का, अशी शंका ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात घेतली आहे. उत्तर असे, की याज्ञवल्क्य-मैत्रेयी किंवा जानश्रुती यांच्या कथा शेजारच्या विद्येशी जोडलेल्या आहेत. त्यांचे उपयोग शंकराचार्य दोन सांगतात: विषयाची गोडी लागणे आणि तो समजायला सोपा जाणे. शिवाय, दुसऱ्या प्रमाणाशी विरोध येत नसेल तिथे अर्थवादातून कळणारी वस्तुस्थितीही स्वीकारता येते, अशी त्यांची भूमिका आहे. कथेचे मूळ अवलंबन कायम राहते, पण तिच्या खरेपणाचे दार पूर्ण बंद होत नाही.

न्यायशास्त्राने दृष्टान्ताला अनुमानाच्या पाच अवयवांत बसवले. तिसरा अवयव उदाहरण. डोंगरावरच्या धुरावरून आग ओळखताना स्वयंपाकघराचा दाखला द्यायचा तो इथे. सामान्य माणूस आणि चिकित्सक या दोघांचे ज्याबाबत एकमत असते तो दृष्टान्त, अशी न्यायसूत्रांची अट आहे. या अटीचे मर्म गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनात दिसते. श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून घेत ते कीर्तन पुढे नेत. कर्ज, दारू, नवसाचा बकरा या गोष्टी समोरच्या प्रत्येकाच्या घरातल्या होत्या, त्यामुळे दाखल्याबद्दल वाद उरतच नसे.

मात्र भक्तीच्या प्रांतात अर्थवाद आणि दृष्टान्त ही दोन्ही मापे अपुरी पडतात. एकनाथांची परिचित कथा घ्यावी. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला न्यायची, तिथे लिंगावर अभिषेक करायचा. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेले. नाथ कावड खाली ठेवतात आणि ते पाणी त्याच्या तोंडात ओततात. सोबतचे यात्रेकरू हळहळतात. नाथांच्या लेखी अभिषेक तिथेच घडलेला असतो. जाणता कीर्तनकार गाढवाशी घाईने पोहोचत नाही. तो आधी कावडीचे ओझे श्रोत्यांच्या खांद्यावर देतो: पायांना आलेले फोड, नद्यांचे उतार, मुक्कामाला कावड जमिनीला टेकू नये म्हणून घेतलेली काळजी. हे ओझे जितके जाणवेल तितके पुढचे ओतणे कळेल. त्या क्षणी पेटी-तबला थांबतो आणि पूर्वरंगातले पद पुन्हा उचलले जाते. सर्वांभूती एकच देव हा सिद्धान्त तासाभरापूर्वी ऐकलेला असतो. आता तो कोणत्या किमतीला पाळला गेला, हे दिसते.

इथे कथा नुसती गोडी लावत नाही. सिद्धान्त जगता येतो की नाही, ही शंका तर्काने फिटणारी नसते. कोणीतरी जगून दाखवले, एवढेच तिचे उत्तर. म्हणूनच महिपतींचा भक्तविजय (१७६२) कीर्तनकारांना इतका जवळचा वाटला: त्यात मते कमी आणि माणसे जास्त.

पण त्यासाठी कथा जपून सांगावी लागते. गाढवाच्या जागी शेवटी साक्षात शंकर प्रकट झाले असे सांगितले, तर टाळ्या मिळतील, पण आख्यानाचा कणा मोडेल. देव वेष पालटून आला असेल तर पाणी देवालाच पाजले गेले. तहानलेला जीव हाच देव, हे सांगायचे राहून गेले. चमत्काराने कथा मोठी होते आणि सिद्धान्त लहान होतो. विनोदाचेही तसेच. तो श्रोत्याला जागे ठेवतो, पण विनोदामागून विनोद आला की मूळ पद परत येईपर्यंत ते कोणते होते हेच आठवत नाही. आज कीर्तनाची जी छोटी चित्रफीत मोबाईलवर फिरते, तिच्यात बहुधा असा तुटलेला तुकडाच असतो. निरूपण आधीच कापलेले असते.

वारकरी कीर्तनात ही अडचण पुष्कळशी टळते, कारण तिथे पूर्वरंग-उत्तररंग अशी वाटणी नसते. एकच अभंग चरणाचरणाने उलगडत जातो, मागे टाळकरी उभे असतात, दृष्टान्त लहान असतो आणि प्रत्येक दाखल्याच्या पाठीशी दुसऱ्या संताचे वचन प्रमाण म्हणून दिले जाते. कथेला लांब पळायला वावच राहत नाही. सप्ताहाच्या शेवटी होणाऱ्या काल्याच्या कीर्तनात तेवढे कृष्णलीलांना मोकळे रान मिळते, आणि तिथेही दहीहंडी फोडून सर्वांनी एकत्र खाल्लेला काला हा त्या कथेचा अर्थ प्रत्यक्ष हातावर ठेवतो.