शांत राहण्याचं श्रेय कुणाचं?

मुलाखतीच्या खोलीबाहेर दोघं बसलेत. एकाच्या तळहातांना घाम सुटलाय, दुसरा निवांत मोबाइल चाळतोय. दुसऱ्याला आपण 'कणखर' म्हणतो. पहिल्याला विचारतो, 'एवढं काय टेन्शन घेतोस?' या प्रश्नात एक आरोप दडलेला असतो: शांत राहणं तुझ्या हातात होतं, तुला ते जमलं नाही.

खरंच हातात होतं का?

धोका जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला आणि तिथून मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना निरोप जातो. रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. याला ब्रेकही आहे. हिप्पोकॅम्पसमधले ग्राहक-रेणू वाढलेलं कॉर्टिसॉल टिपतात आणि 'आता पुरे' असं कळवतात. १९९७ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाला असं आढळलं, की पहिल्या दहा दिवसांत आईने जास्त चाटलेल्या उंदरांच्या पिल्लांमध्ये मोठेपणी हे रेणू जास्त असतात आणि ताण आला तरी त्यांचं शरीर कमी उसळतं.

माणसांचं काय? रोमानियातल्या अनाथालयांमधल्या १३६ बालकांचा बुखारेस्टमध्ये दीर्घ अभ्यास झाला. संस्थेतच राहिलेल्या मुलांची ताणाला मिळणारी शारीरिक प्रतिक्रिया पुढे बोथट झालेली दिसली. दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात गेलेल्यांचं कॉर्टिसॉल मात्र इतर मुलांसारखं वागत होतं. म्हणजे शरीर न उसळणं हे नेहमीच बळाचं लक्षण नसतं.

मग दोष आईचा? तसंही नाही. गरोदरपणी ताण सोसलेल्या उंदरीण-माता पिल्लांना कमी चाटतात. दोष मागे ढकलत गेलो तर तो कुठेच थांबत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग कुणाचंच कौतुक नको आणि कुणालाच जाब नको. मला ते पटत नाही. घाम फुटणं आपल्या हातात नसतं, पण घामेजल्या हातांनी दार उघडून आत जाणं बऱ्याच अंशी असतं. कौतुक करायचंच तर त्या पावलाचं करावं. निवांत बसलेल्याला कदाचित ते पाऊल टाकावंच लागलं नसेल.

शांतपणा हा बराचसा वडिलोपार्जित जमिनीसारखा असतो. तो मिळाला म्हणून लाज नको, पण मिरवूही नये. ज्याच्याकडे तो आहे, त्याने शेजारच्याला 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणण्याऐवजी नुसतं विचारावं, 'पाणी आणू?'