मुलाचा हात धरणारा कोण? उपकारकर्ता की कल्याणमित्र?



दोन वर्षांपूर्वी ताडीवाला रस्त्यावरच्या एका वस्तीत रविवारची वंदना आटोपल्यावर एक बाई माझ्याजवळ आली. भंगार वेचून, निवडून विकण्याचे तिचे काम. घरात नुकतीच धम्मदीक्षा झालेली. तिची मुलगी नववीत गेली होती आणि आठवड्यातून दोन दिवस मी तिचा अभ्यास घ्यावा असे विहारातल्या मंडळींनी ठरविले होते. तिने विचारले, "बाई, पोरीला शिकवायचं काय घेणार?" मी म्हटले, "काही नाही." ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मग आमच्याकडून तुम्हाला पायजे काय?"

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. ज्यांच्या वाडवडिलांना शिळी भाकरदेखील राबल्याशिवाय मिळाली नाही, त्यांना फुकट देणाऱ्याचा संशय येणारच. मी हसून विषय टाळला, पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. समाजातल्या एखाद्या मुलाचा हात धरणारा माणूस नेमके काय करतो? उपकार करतो, ऋण फेडतो, की आणखी काही?

प्रथम गरज कशाची आहे ते पाहू. ज्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत तेथे मुलाला वेगळा मार्गदर्शक लागत नाही. कोणती शाखा घ्यावी, अर्ज कधी भरावा, हे तेथे जेवताजेवता बोलले जाते. आपल्या घरात आईबाप कष्टाला कमी नसतात, पण ही वाट त्यांनी पाहिलेली नसते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाची हमी देतो. पुढे नववीत मूल एकटे पडते आणि नेमके तेव्हाच घराला त्याच्या मजुरीची गरज भासू लागते. शिष्यवृत्ती आहे, परंतु तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, जातीचा दाखला हवा, आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून कुटुंब याच राज्यात राहत असल्याचा पुरावा हवा. धर्म बदलला म्हणजे सवलत गेली अशी भीतीही नव्या कुटुंबांना कोणीतरी घालतो. बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती देणारा केंद्राचा कायदा १९९० सालीच झाला, हे त्यांना सांगणारा माणूस जवळ असावा लागतो. मी पदवीधर झाले ती केवळ माझ्या हुशारीने नव्हे. चाळीतल्या एका निवृत्त कारकुनाने माझा अकरावीचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला, खोडाखोड झाली म्हणून पुन्हा नवा आणून भरला. माझ्या घरात तो अर्ज वाचता येणारे कोणी नव्हते.

म्हणून मी मनाशी उत्तर दिले की, मी ऋण फेडते आहे. हे उत्तर ऐकायला चांगले वाटते. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याला शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत व्यक्त केली, ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरीही या उत्तरात एक खोट आहे. ऋण फेडणाऱ्याचे लक्ष आपल्या हिशेबाकडे असते, मग समोरचे मूल हे हप्ता फेडण्याचे साधन होऊन बसते. ते पास झाले की माझा हिशेब चुकता. ते नापास झाले तर मला त्याचा राग येतो, कारण माझी फेड फुकट गेली.

माझ्या हातून घडले ते असेच. मुलगी हुशार. चार महिन्यांत तिचे गणित सुधारले आणि मला धन्यता वाटू लागली. बोलता बोलता मी तिला म्हणत असे, "नीट अभ्यास कर, नाहीतर आईसारखी भंगार वेचत बसशील." हे वाक्य आपण किती सहज बोलतो! एके दिवशी ती म्हणाली, "बाई, शाळेत पालकसभा आहे. आईऐवजी तुम्ही याल का?" मी गेले. खरे सांगायचे तर मला अभिमान वाटला. तिच्या वर्गशिक्षिकेने तिचे कौतुक केले ते मी ऐकून घेतले, जणू ते माझेच होते. दोन दिवसांनी आईला शेजारणीकडून कळले. ती माझ्याशी भांडली नाही. पुढच्या रविवारी ती वंदनेला आली, मागे बसली आणि माझ्याशी न बोलता निघून गेली.

तेव्हा मला तिचा पहिला प्रश्न आठवला. मी तिच्याकडून काय घेतले होते? फी घेतली नाही खरी, पण तिची जागा घेतली होती. मुलीला गणित देताना मी तिला आईची लाज दिली होती.

बुद्धांनी राहुलाला आरशाचा दाखला दिला होता. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे की, याने मला किंवा दुसऱ्याला इजा तर होत नाही ना. शिकवणे हे चांगले कर्म, म्हणून ते तपासण्याची गरज नाही अशी माझी समजूत होती. वास्तविक चांगल्या म्हणविणाऱ्या कर्मालाच आरसा जास्त लागतो, कारण तेथे कोणी आपल्याला जाब विचारीत नाही.

जुन्या परंपरेत शिकवणाराला गुरू म्हणतात. गुरूपुढे शिष्याने वाकायचे, दक्षिणा द्यायची. एकलव्याला ज्याने शिकविलेच नाही, त्यानेही त्याचा अंगठा मागून घेतला. धम्मातला शब्द वेगळा आहे : कल्याणमित्र. आनंदाला वाटले की चांगली मैत्री म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन, तेव्हा अर्धे नव्हे, ते पूर्णच आहे असे तथागतांनी त्याला सांगितले. सिगालाला उपदेश करताना त्यांनी आचार्याची कर्तव्येही सांगितली : चांगले वळण लावावे, समजेल असे शिकवावे, विद्या हातची राखून ठेवू नये, मित्रमंडळींत विद्यार्थ्याविषयी चांगले बोलावे आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. सर्व दिशांनी! त्याच उपदेशात आईवडिलांनाही एक दिशा म्हटले आहे. ती दिशा मीच बुजवली, तर रक्षण कशाचे केले?

आपल्या इतिहासात याचे उदाहरण आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला एक विद्यार्थी दिसला. त्यांनी त्याला पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द टाकला आणि भीमरावांना महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. मोबदला मागितला नाही, सुभेदार रामजींची जागाही घेतली नाही. केळुसकर १९३४ साली वारले. येवल्याची घोषणा १९३५ ची, नागपूरची दीक्षा १९५६ ची. एका मुलाच्या हाती दिलेल्या त्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते त्यांना दिसले नाही. दिसावे म्हणून त्यांनी ते दिलेही नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचेच. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने कोवळ्या वयात निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने आपल्या गुरुजनांची स्तुती लिहून थांबणे सोपे होते. तिने मांग-महारांचे दुःख लिहिले. शिक्षणाने ती आपल्या माणसांपासून दूर गेली नाही, त्यांच्या बाजूने बोलू लागली. शिकवणे साधले की नाही याची कसोटी मला येथे सापडते.

कोणी म्हणेल, एकेका मुलाने समाज कसा उठेल? बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले. संस्था हवी, हक्काची शाळा हवी. आक्षेप खरा आहे. एक मूल शिकविले म्हणून सरकारकडे शाळा मागण्याचे काम सुटत नाही. परंतु महाविद्यालयाच्या दारापर्यंत मूल पोहोचावे लागते, आणि तेथवर त्याच्याबरोबर चालायला माणूसच लागतो. तो माणूस फक्त हुशार मुलांसाठी नसावा, हेही मला उशिरा उमगले. माझ्या शेजारी बसणारा, तीनदा समजावूनही अपूर्णांक न येणारा मुलगा मी दुसऱ्याकडे ढकलला होता. त्याचा पास होण्याचा संभव कमी, म्हणजे माझी धन्यताही कमी!

असो. मी त्या बाईच्या घरी गेले आणि मुलीदेखत माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी वाईट नाय केलं बाई, पण मला इचारायचं होतं." मग तिने चहा केला. घरात पत्रा, पुठ्ठा, प्लॅस्टिक वेगवेगळे बांधून ठेवले होते. प्रत्येकाचा किलोचा भाव तिला तोंडपाठ. किती मालाचे किती रुपये ते ती कागदाशिवाय सांगत होती आणि मुलगी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहत होती. त्यानंतर शेकडेवारीची कित्येक उदाहरणे आम्ही आईच्या मालावर सोडविली. पुढच्या पालकसभेला आई गेली. काय विचारायचे ते तिघींनी आदल्या दिवशी ठरविले होते. मी गेले नाही.

प्रत्येक विहारात वंदनेनंतर तासभर असा उपक्रम चालू शकेल. अटी थोड्या असाव्यात. आईवडिलांच्या संमतीने, सर्वांच्या देखत, उघड्या जागेत बसावे. मुलाच्या घराविषयी, धंद्याविषयी हिणवून बोलू नये. पैशाची किंवा निवडणुकीच्या कामाची अपेक्षा धरू नये. महिन्यातून एकदा मुलाच्या घरी जाऊन बसावे. आणि जे काम मूल स्वतः करू शकते ते आपण करू नये. शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज बरोबर बसून भरावा, दुसरा त्याला भरू द्यावा आणि आपण फक्त वाचून पाहावा.

आई-बाबांनाही विनंती आहे. फुकट शिकविणाऱ्याला तुम्ही जरूर विचारा, "तुम्हाला आमच्याकडून काय पाहिजे?" ज्याला या प्रश्नाचा राग येईल त्याच्या हाती मूल देऊ नका. माझ्यापुरते उत्तर मला आता देता येते : तुम्ही शेजारी येऊन बसावे, आणि मी चुकले तर सांगावे.

ती मुलगी यंदा अकरावीत आहे. रविवारी विहारात ती सातवीतल्या दोघांना अपूर्णांक शिकविते. माझ्याकडे ती आता क्वचितच येते.

जयभीम.