किरकोळ कुणी ठरवलं?

ऐतिहासिक चित्रपटात तारीख चुकली, लढाईचं ठिकाण बदललं, दोन माणसांचं मिळून एकच पात्र झालं, की हल्ली उत्तर ठरलेलं असतं: 'तपशील किरकोळ आहे, भावना बघा.' हे इतक्या ठसक्यात सांगितलं जातं की विचारणाराच कोत्या मनाचा ठरतो. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद ज्या सातारा-सांगलीच्या मुलखात जपले, वाचले गेले, तिथे तरी हे ऐकून घेऊ नये.

'तपशील' आणि 'किरकोळ' हे दोन्ही शब्द हिशेबात मुरलेले. 'तपशील' अरबीतून फारसीमार्गे दफ्तरात आला. मोडी कागदावर आधी एकूण रक्कम, मग 'बितपशील' म्हणून एकेक कलम. कलमं जुळली नाहीत तर बेरीजच खोटी. 'किरकोळ'चं नातं कन्नडातल्या 'किरु'शी, म्हणजे 'लहान'शी सांगतात, आणि मिरजेला कन्नड काही परकी नाही. सांगलीत हळद ठोक विकली जाते तशी किरकोळही; किलोभर घेतली म्हणून तिचा कस उतरत नाही. शब्द मापाचा होता, तो मोलाचा झाला. 'फुटकळ'चंही तेच झालं: जे सुटं, ते क्षुद्र.

साताऱ्यात कारभार पाहिलेल्या ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली आला, पुढे कीर्तन्यांनी त्यातल्या चुका दाखवल्या. हे सर्वश्रुत आहे. गल्लत होते ती इतिहाससंशोधक राजवाड्यांपाशी.

'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली निघाला, वाईला सापडलेल्या कागदांतून. त्यावरून म्हटलं जातं की राजवाड्यांनी चिठ्ठीचपाटीलाही मान दिला, त्यांना सगळंच सारखं मोलाचं. हे वाचन उथळ आहे. त्या खंडातली, पानिपतच्या मोहिमेचे सेनापती भाऊसाहेबांची पेशव्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं पाहावीत. पैसा पाठवा, रसद पोचवा, अब्दालीचा दाणागोटा तोडा. एकेक पत्र सुटं वाचलं तर तो नुसता तगादा वाटतो. तारखेनं ओळीत लावली की उपासमारीकडे सरकणारी फौज दिसू लागते, आणि पानिपतच्या पराभवाला 'भाऊचा हट्ट' एवढं एकच कारण पुरत नाही. तपशील तोच होता. राजवाड्यांनी त्याला विचारायचा प्रश्न बदलला. कुठला तपशील बारीक आणि कुठला कळीचा, हे त्या प्रश्नावर ठरतं, कागदाच्या आकारावर नाही.

मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांच्या दफ्तरावर हेच केलं. शाळेत संस्कृत शिकवता शिकवता त्यांनी पत्रं निवडली, क्रम लावला, संदर्भ उलगडणारी प्रास्ताविकं लिहिली. निवड आली म्हणजे काही बाजूला ठेवणंही आलं. पण शास्त्रीबुवांनी ते वाचून, पारखून ठेवलं. आज 'किरकोळ' म्हणणारा वाचायच्या आधीच निकाल देतो, आणि भावनेचं नाव पुढे करून तपासणीच टाळतो.

हा वाद जुन्या कागदांपुरता राहिलेला नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. मधल्या एकेका फुटाला कुठली गल्ली बुडते, हे गावाला पाठ आहे. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरातल्या घरांत तर इशाऱ्याच्या आकड्याआधीच पाणी शिरतं. तिथली माणसं कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि अलमट्टीची पातळी किती मीटर, हे रोज विचारतात. त्यांना नेमक्या आकड्यांत उत्तर मिळालं पाहिजे.