कौल लावण्यापूर्वी



वरळी कोळीवाड्यात श्री गोलफादेवीच्या दर्शनास येणारा भाविक बहुधा दोन गोष्टी घेऊन येतो : एक ओटी आणि दुसरा प्रश्न. सोयरीक जुळवावी की नाही, घर बांधावयास घ्यावे की थांबावे, हे देवीला विचारून करण्याची आपली रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कौल लावावा आणि देवीची आज्ञा शिरसावंद्य मानून घरी जावे. या रीतीविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि एक प्रश्न गाभाऱ्यासमोर आणू नये. तापाने फणफणलेले लेकरू कडेवर असताना, त्याला इस्पितळात न्यावे की न न्यावे, हा कौल मागू नये.

यात श्रद्धेचा अव्हेर आहे काय? मुळीच नाही. होडीत पाणी शिरले असता दर्यावर्दी माणूस आधी पाणी उपसतो. उपसता उपसता तोंडाने देवीचे नाव घेतो. चरकाचार्यांनी चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. मंत्र, होम, उपवास, तीर्थगमन हे पहिल्यात. आहार आणि औषधद्रव्ये यांची योजना दुसऱ्यात. मनाचा निग्रह तिसऱ्यात. नवस करणाऱ्याने औषध टाळावे, असे आचार्यांनी म्हटलेले नाही. बालकांसाठी तर आयुर्वेदाने कौमारभृत्य हे स्वतंत्र अंगच मानले, कारण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे.

आपल्या भाषेनेच याची एक साक्ष जपून ठेवली आहे. ज्या रोगाने घरोघरची मुले नेली, त्याला मराठी माणूस ‘देवी’ म्हणत असे. अंगावर फोड उठले की देवी आली, तिचा कोप नको, अशी भावना. पुढे लस आली. हिंदुस्थानातील पहिली लस 14 जून 1802 रोजी याच मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. लोक प्रथम बिचकले. पण कालांतराने त्यांनी त्या लसीलाही देवीचेच नाव दिले आणि ‘देवी काढून घेणे’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. 1975 नंतर भारतात त्या रोगाचा रुग्ण उरला नाही. देवीचा कोप झाला नाही. उलट तिच्या नावाने मुले वाचली.

मग विलंब कशाने होतो? घरचा कर्ता दर्यावर गेलेला, सासूबाई बाजारात, आणि एकटी सून दारात उभी : कोणाला विचारू? कोठे दृष्ट काढली जाते, कोठे अंगारा लावून सकाळची वाट पाहिली जाते. अंगारा लावण्यास क्षणही लागत नाही, तो अवश्य लावावा. सकाळची वाट मात्र पाहू नये. काही झाले की ‘सटवाईने सहाव्या रात्री लिहिले तेच घडले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या माउलीने काय लिहिले ते कोणी वाचले आहे? आपल्या आळसाचे अक्षर तिच्या नावावर घालणे हा आमच्या मते खरा अपराध होय.

म्हणून मातांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक असतील, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर तडक निघावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला किंवा अंग गार पडले, मूल दूध ओढीनासे झाले, झोपेतून जागे होईना, तरीही तसेच. हगवणीत डोळे खोल गेले, लघवी थांबली, की घरगुती उपचाराची वेळ सरली असे समजावे. वाटेत मात्र ओ.आर.एस.चे पाणी चमच्याचमच्याने पाजीत राहावे. झटका आल्यास मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्याने काही साधत नाही. आपल्या गल्ल्या अरुंद, गाडी दारापर्यंत येणार नाही. म्हणून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवून मुलाला मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून न्यावे. ही सेवा विनामूल्य आहे.

जावे कोठे? परळ आपल्याला दूर नाही. तेथे 1929 सालापासून बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभे आहे. सर नेस आणि सर कुस्रो या वाडिया बंधूंनी पित्याच्या नावाने 1926 साली प्रसूतिगृह काढले आणि मातेच्या नावाने मुलांचे हे रुग्णालय. गिरणगावातील कामकरी आयांची मुले तेथे वाढली. 2017 च्या डिसेंबरात जन्मतः जोडलेली दोन बालके तेथे शस्त्रक्रियेने विलग करण्यात आली. 2020 च्या जानेवारीत अनुदान रखडल्याने ते बंद पडते की काय अशी वेळ आली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आपल्या देवळाचे दार बंद होणार म्हटल्यावर जसे उतरावे, तसेच ते होते. खर्चाच्या धास्तीने कोणी मागे राहू नये. शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर घ्यावे आणि महात्मा फुले योजनेची माहिती समाजसेवा विभागात विचारावी.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद मानले : वैद्य, औषध, रोगी आणि उपस्थाता, म्हणजे शुश्रूषा करणारा. मूल स्वतः बोलू शकत नाही, म्हणून बालरोगात हा चौथा पाद सर्वांत महत्त्वाचा. परळच्या पदपथांवर गावोगावचे असे उपस्थाते पथारी टाकून बसलेले दिसतात. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळतो, सर्वांना मिळत नाही. नवस फेडावयास येणाऱ्या भाविकाने देवीपुढे नारळ वाढविल्यावर तिकडेही एक फेरी मारावी. कोळीवाड्यातून परळला डबा पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. डब्यात मासळी असावी की वरणभात, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.