खुर्ची गेली, वडील राहिले



कॉलेजच्या प्रवेश अर्जावर एक रकाना असतो : 'वडिलांचा व्यवसाय'. वर्षानुवर्षे तिथे एकच उत्तर लिहिणारी मुलगी एखाद्या जूनमध्ये त्या रकान्यापाशी थांबते. कारखाना बंद पडला म्हणून, प्रकृती साथ देईना म्हणून किंवा मनाला पटेना म्हणून पन्नाशीच्या आसपास बाबांनी नोकरी सोडलेली असते. आता ते रिक्षा चालवतात, फुलशेती करतात किंवा छोटेसे दुकान सांभाळतात. अशा वेळी मुलीने बाबांवर प्रेम करायचे म्हणजे नेमके काय करायचे? त्यांच्या प्रत्येक निर्णयाला मान डोलवायची का?

याचे उत्तर शोधताना संत थॉमस मोर आणि त्यांची थोरली मुलगी मार्गारेट यांची आठवण होते. मोर हे इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजदरबारातील सर्वोच्च न्यायाधिकारी होते. राजा आठव्या हेन्रीला आपला विवाह रद्द करून हवा होता आणि ख्रिस्तसभेवर सत्ताही हवी होती. मोर यांच्या सद्सद्विवेकबुद्धीला ते पटेना. १६ मे १५३२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांनी पद सोडले.

पदाबरोबर मिळकतही गेली. मोर यांनी नोकरचाकरांची दुसरीकडे सोय लावली. आपली मोठी नाव आणि तिचे आठ नावाडी आपल्या जागी आलेल्या अधिकाऱ्याकडे सोपवले. मग मुलाबाळांना जवळ बसवून त्यांनी घरची स्थिती उघड सांगितली. जेवणाचा थाट एकेक पायरी उतरवू. तेही झेपले नाही, तर झोळी घेऊन दारोदार 'साल्वे रेजिना' गाऊ, पण आनंदाने एकत्र राहू, असे ते म्हणाले.

मार्गारेटला हा बदल कसा पेलला? मोर सत्तेच्या शिखरावर असताना उंची पोशाखाच्या आत केसांचा खरखरीत सदरा प्रायश्चित्त म्हणून घालीत. आपल्या मुलांपैकी हे गुपित त्यांनी विश्वासाने मार्गारेटला सांगितले होते. तो सदरा तीच धुऊन देई. लोकांना चॅन्सेलर दिसत होते, तिला आतला माणूस ठाऊक होता. म्हणून पोशाख उतरला, तरी तिचे वडील तसूभरही कमी झाले नाहीत.

पण तिचे प्रेम आंधळे नव्हते. १५३४ साली राजाने लादलेली शपथ नाकारल्यामुळे मोर लंडनच्या टॉवरमध्ये कैद झाले. मार्गारेटने मात्र 'देवाच्या नियमात बसेल तितकीच' अशी पुस्ती जोडून शपथ घेतली होती. तुम्हीही घ्या आणि घरी या, म्हणून तिने तुरुंगात जाऊन वडिलांशी वाद घातला. त्यांनी थट्टेने तिला मोह घालणारी एवा म्हटले, पण तिच्यावर रागावले नाहीत. ते बधले नाहीत. तिनेही त्यांना सोडले नाही. शिक्षा ऐकून ते टॉवरकडे परतत असताना तिने पहारेकऱ्यांच्या गर्दीत घुसून सर्वांदेखत त्यांना मिठी मारली. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. आदल्या दिवशी त्यांनी तिला कोळशाने लिहिलेले पत्र आणि तो सदरा पाठवला होता.

आपल्या घरातील नोकरी बदलणे म्हणजे हौतात्म्य नव्हे. कित्येकदा तो निर्णयही आपला नसतो, तो लादला जातो. तरी मार्गारेट आपल्याला एक गोष्ट शिकवते : सहमती वेगळी आणि सोबत वेगळी. 'बाबा, मला हे पटत नाही' असे मुलीने म्हणण्यात अनादर नाही. मात्र माझे ऐकले तरच मी तुमची, अशी अट प्रेमाला घालू नये. मैत्रिणींसमोर बाबांचे नवे काम सांगताना आवाज खाली जाऊ देऊ नये.

वडिलांनीही एक करावे. घरची अडचण मुलींपासून लपवू नये. 'तिला कशाला काळजी' असे म्हणून आपण तिचे ओझे हलके करतो असे वाटते. खरे तर आपल्या दुःखात वाटेकरी होण्याचा तिचा हक्क आपण काढून घेतो. मोर यांनी मुलांना झोळीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या सांगितल्या, म्हणूनच त्या उतरताना ते एकटे पडले नाहीत.

२२ जून हा संत थॉमस मोर यांचा सण. जूनच्या तिसऱ्या रविवारी 'फादर्स डे' असतो. या दिवसांत आपल्या धर्मग्रामातील ज्या वडिलांनी उतारवयाच्या उंबरठ्यावर नव्याने हात कामाला लावले आहेत, त्यांना आणि त्यांच्या लेकींना मिस्साबलिदानात आठवू या.

संत थॉमस मोर, आम्हांसाठी विनंती कर.