भूत कोण?

मी अंजनवेलचा. गोपाळगडाकडच्या वाटेनं रात्री जायला आजही टरकतो. ही भीती नारायण धारपांनी (१९२५–२००८) घातली. यंत्रमागावर रात्रपाळीला जाताना डब्याच्या पिशवीत त्यांचं पुस्तक असतंच.

धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली. किंगवर छाप अमेरिकेच्याच एच. पी. लवक्राफ्टची. म्हणून त्याचं चरित्र शोधून वाचलं, आणि हादरलो. या माणसाला न्यूयॉर्कातल्या परदेशी गरिबांची किळस यायची. रेड हुक वस्तीवरची त्याची भयकथा जानेवारी १९२७ ला छापून आली. तिच्यातलं भय म्हणजे तीच वस्ती, तीच माणसं.

त्याच साली २० मार्चला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सनातन्यांनी मागाहून शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. तिकडं काय नि इकडं काय, भूत कोण? आपणच!

२५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. मग लवक्राफ्टही जाळायचा काय? मी म्हणतो, नाही. मनुस्मृती हुकूम सोडते. गोष्ट हुकूम सोडत नाही, लिहिणाऱ्याच्या पोटातली घाण उघडी करते. ती वाचावी, ओळखावी. कसब घ्यावं, किळस त्याची त्याला परत करावी.

माझी आजी वाड्याच्या मागल्या दारी ताकाला उभी राहायची. आतले लांबूनच वरून ओतायचे, हात थरथरायचा त्यांचा. आजीचा नाही. त्या दाराची भयकथा मी लिहायला घेतलीय. दाराबाहेरून.