आपण कोणाला ओळखतो?



आपल्या गावात नवखे पोर दिसले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणाचा रे तू?" आजोबांचे नाव सांगितले की त्या पोराला बसायला खुर्ची मिळते, किंवा मिळत नाही. पोराने स्वतः काहीच केलेले नसते. मोठ्या जगात आपल्याला कोणी विचारीत नाही, तरी आपल्या लहानशा वर्तुळात चारचौघांनी ओळखावे असे प्रत्येकालाच वाटते. ही इच्छा चांगली की वाईट? गायनवृंद, क्रिकेटचा संघ, सणाची समिती, अशी उदाहरणे जवळच आहेत. पण जवळच्या उदाहरणाने माणसे दुखावतात. म्हणून आम्ही एक दूरचे उदाहरण घेतो.

अमेरिकेत डीन केमन या संशोधकांनी १९८९ साली 'फर्स्ट' नावाची संस्था सुरू केली. शाळकरी मुलांनी खेळाडूंप्रमाणेच यंत्रे बनवणाऱ्यांचेही कौतुक करावे, हा त्यामागचा विचार. १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आता अनेक देशांतले हजारो संघ तिच्यात भाग घेतात. मुंबईतील विद्यार्थ्यांचे संघही त्यात उतरलेले आहेत. दर वर्षी जानेवारीत नव्या खेळाचे नियम जाहीर होतात. मग मुले काही आठवडे रात्रंदिवस खपून पन्नास किलोहून अधिक वजनाचा रोबो तयार करतात. सामना अडीच-पावणेतीन मिनिटांचा. एका बाजूला तीन रोबो, दुसऱ्या बाजूला तीन.

या जगात माणसाची ओळख नंबरावरून होते. प्रत्येक संघाला एक नंबर मिळतो आणि तो कायम राहतो. कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात येशूसंघीय धर्मगुरूंचे बेलार्मिन नावाचे विद्यालय आहे. तेथील संघाचा नंबर २५४. जागतिक अजिंक्यपद अनेकदा मिळवलेला हा संघ मैदानाजवळ आला की इतर मुले हातातले काम टाकून पाहायला जातात. हायस्कूल चार वर्षांचे. मुले येतात, शिकतात, निघून जातात. नंबर मात्र तेथेच राहतो. म्हणजे चौदा वर्षांचे एखादे पोर पहिल्या दिवशी तो शर्ट अंगात घालते, अजून त्याने एक स्क्रूही पिळलेला नसतो, आणि लोक त्याच्याकडे आदराने पाहू लागतात. 'कोणाचा रे तू'चाच हा दुसरा प्रकार.

अशी आयती कीर्ती फुकट मिळत नाही. गाजलेल्या संघांविषयी कुजबुजही तितकीच चालते. हा रोबो खरोखर मुलांनी केला की त्यांच्या इंजिनियर मार्गदर्शकांनी? हा वाद त्या जगात फार जुना आहे. रात्री जागून बोटे कापून घेतलेल्या मुलीला तो ऐकावा लागतो, तेव्हा तिला काय वाटत असेल याचा विचार कुजबुजणारे करीत नाहीत. अनोळखी संघाचा रोबो बंद पडला तर चार माणसे हळहळतात. नामवंताचा पडला की सगळे सभागृह उठून पाहते.

पण आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते ती निवडीची वेळ. प्राथमिक फेऱ्या संपल्या की वरच्या आठ संघांचे कर्णधार मैदानात उभे राहतात आणि शेकडो लोकांसमोर आपले दोन साथीदार निवडतात. युती करण्यासारखाच हा प्रकार आहे. माईक हाती घेतलेला कर्णधार सोळा-सतरा वर्षांचा. ओठांवर ओळखीचा नंबर आपोआप येतो. गाजलेला संघ निवडला आणि हरलो तर कोणी दोष देणार नाही. कोणी न ऐकलेला संघ निवडला आणि हरलो तर सगळे बोलतील. अशा वेळी कुठल्या तरी लहान गावचा संघ बाकावर बसून राहतो. दोन दिवस त्याचा रोबो मुकाट्याने चोख काम करीत असतो, आणि त्याचा नंबर पुकारला जात नाही. ही लहानशी गोष्ट नाही. कोणाचे वाईट करावे असे कोणाच्याही मनात नसताना असा अन्याय घडतो, आणि केवळ ओळखीमुळे घडतो.

त्यावर त्या मुलांनी एक उपाय काढला आहे. प्रेक्षकांत सहा मुले ओळीने बसतात. प्रत्येकाने एकाच रोबोवर नजर ठेवायची आणि त्याने काय केले ते कागदावर मांडायचे. सामन्यामागून सामना, दिवसभर. काम कंटाळवाणे, टाळ्या कोणाच्याच नाहीत. पण संध्याकाळी त्या कागदांवरून कळते की कोणाचे नुसते नाव आहे आणि कोणाचे काम आहे. न्यायाने वागायचे तर अनोळखी माणसाकडे पाहत बसण्याचे कष्ट घ्यावे लागतात, नुसता चांगुलपणा पुरत नाही, हे या पोरांना कळले आहे. आपल्या समित्यांना अजून कळायचे आहे. असो.

या स्पर्धेला जे वळण लागले त्यात प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांचा मोठा वाटा होता. अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेत ते शिकवीत. चुरशीने लढा, पण प्रतिस्पर्ध्याचा मान राखा, ही त्यांची शिकवण. आपल्या आजीला अभिमान वाटेल असे वागावे, ही त्यांची साधी कसोटी मुलांच्या तोंडी बसली. २०१९ साली ते निवर्तले. आजीची निवड आम्हाला फार नेमकी वाटते. आजीला रोबो कळत नाही, नंबर ठाऊक नसतो. तिचे नातवंड प्रसिद्ध होण्याआधीपासून ती त्याला ओळखते. त्यामुळे प्रसिद्धीने तिला फसवता येत नाही.

त्या जगात काही चांगल्या रीती पडल्या आहेत. प्रतिस्पर्ध्याचा रोबो मोडला तर सुटा भाग आणि हत्यारे घेऊन दुसरे संघ धावतात. २५४ सारखा संघ आपल्या रोबोची संगणक-आज्ञावली सर्वांसाठी खुली करतो. कीर्तीचा खरा उपयोग हाच, असे आमचे मत आहे. लोक आपल्याला ओळखतात म्हणजे आपल्याकडे विचारायला येऊ शकतात. गाजलेल्या संघाच्या दुरुस्तीच्या जागेत पहिल्याच वर्षी आलेली मुले न बिचकता शिरतात का, यावरून त्या कीर्तीची जात ओळखावी.

२०१४ सालचा खेळ या बाबतीत सांगण्यासारखा आहे. मोठा चेंडू उंच जाळीत टाकला की १० गुण. पण त्याआधी युतीतल्या तिन्ही रोबोंनी तो ठरावीक रीतीने हाताळला असेल तर आणखी ३० गुण! एकट्या पराक्रमी रोबोने कितीही नेम साधले तरी साथीदारांच्या हाती चेंडू दिल्याशिवाय त्याचे भागत नव्हते. त्या वर्षी सेंट लुईस शहरात २५४ ने अजिंक्यपद जिंकले. सोबत होता मिशिगनचा नामवंत ४६९. पण त्यांच्याबरोबर डॅलस शहरातील २८४८ हाही होता, त्या दोघांइतका न गाजलेला. तोही येशूसंघीय विद्यालयाचाच, हा योगायोग. निवडीची पहिली फेरी एकपासून आठपर्यंत जाते आणि दुसरी उलट, आठपासून एककडे. म्हणजे सर्वांत बलवान कर्णधाराच्या वाट्याला दुसरा साथीदार निवडताना सर्वांत शेवटची पाळी येते. तोवर ओळखीचे नंबर बहुतेक संपलेले असतात, आणि हाती उरतात ते दिवसभर भरलेले कागद.